वर्ल्ड म्युझिक, व्हाया बडनेरा

जॅझ ऐकायला दक्षिण मुंबई आणि वर्ल्ड म्युझिक ऐकायला थेट परदेश, असं कुणी ठरवलं? अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात खंजिरी आहे, क्लॅरनेट आहे, रात्रभर चालणारे ढोल आहेत. तिकीट नाही, पास नाही, ड्रेसकोड तर नाहीच नाही. फक्त दोन दिवसांची रजा टाका आणि कान सोबत घ्या!

प्रत्येक ऑफिसात एक तरी 'जॅझवाला' असतोच. सोमवारी सकाळी कॉफी मशिनपाशी तो तुम्हाला गाठतो. वीकएन्डला एनसीपीएमध्ये कुणाला ऐकलं, त्या सॅक्सोफोनवाल्याने काय सॉलिड इम्प्रोव्हायझेशन केलं, तिकीट किती महाग पण कसं वर्थ होतं, हे सगळं तो साग्रसंगीत सांगतो. आपण मान डोलावतो. मग कुणीतरी म्हणतं, 'मी या आठवड्यात गावी चाललोय, अमरावतीला.' त्यावर जॅझवाल्याचा चेहरा पाहा! 'तिकडे काय करणार रे? तिकडे फक्त ऊन!'

ऊन आहे, मान्य. मे महिन्यात अकोल्याचं नाव देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांत येतं, त्यात वाद नाही. पण माझं आजोळ अमरावतीचं. त्यामुळे मला हेही माहीत आहे, की ज्याला आपण 'लाइव्ह' म्हणतो, ते तिथे वर्षभर कुठे ना कुठे चालूच असतं. त्याला कुणी गिग म्हणत नाही, एवढंच. गेलं वर्षभर लिहिण्याच्या निमित्ताने मी वऱ्हाडात येत-जात राहिले आणि एक वेगळाच म्युझिक मॅप हाती लागला. तो तुमच्यासोबत शेअर करतेय.

ताजमहालपासून वरातीपर्यंत

आधी थोडा इतिहास. बोअर होऊ नका, मजेदार आहे.

मुंबईत जॅझ आला तो पंचतारांकित दारातून. १९३५मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग आणखीही आले. चर्चच्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या पोरांनी हा प्रकार भराभर उचलला. त्यातलाच एक म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, पण या टोपणनावापुढे ते कोण लक्षात ठेवणार! पुढे १९७८मध्ये निरंजन झवेरी आणि मंडळींनी रंगभवनात 'जॅझ यात्रा' सुरू केली. २००७मध्ये लोअर परळला 'ब्लू फ्रॉग' उघडलं आणि २०१६मध्ये बंदही झालं. आपल्यातल्या कित्येकांच्या पहिल्या पगाराचा मोठा हिस्सा तिथे गेला, हे तुम्हीही कबूल कराल.

हा सगळा नकाशा समुद्रकिनाऱ्याचा. मग तो आवाज घाट चढून वऱ्हाडात कसा पोचला? तर सिनेमाच्या डब्यांतून! हॉटेलात रात्री जॅझ वाजवणारे हेच गोवेकर दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसायचे. पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र त्यांना हाताशी धरून गाणी करायचे. १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्याची मंडळी तर चक्क पडद्यावर दिसतात. ही गाणी गावोगावच्या टॉकीजमध्ये वाजली, ती बँड पार्टीवाल्यांनी कानाने उचलली आणि वरातीत वाजवली. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाने स्विंग पहिल्यांदा ऐकला, तो कुणाच्या तरी लग्नात, घोड्याच्या मागे चालता चालता. कसला क्लास अपार्ट ओपनिंग ॲक्ट!

न्यू ऑर्लिन्सचे चुलतभाऊ

गंमत म्हणजे जॅझचं मूळही वरातीतच आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एकोणिसाव्या शतकात लष्करी बँडची वाद्यं सामान्य लोकांच्या हाती आली. कॉर्नेट, क्लॅरनेट, ट्रॉम्बोन, मोठा ड्रम. लोक ती घेऊन रस्त्यावर उतरले. अंत्ययात्रेत जाताना संथ सुरावट, दफन करून परतताना एकदम नाचरी. बँडच्या मागे नाचत येणाऱ्या पब्लिकला तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिशांच्या पलटणींमुळे तीच वाद्यं आली आणि तीही रस्त्यावरच उतरली. आपल्या 'सेकंड लाइन'मध्ये नवरदेवाचे मामा असतात, इतकाच फरक!

अमरावतीत एका बँड पार्टीतल्या क्लॅरनेटवाल्या काकांशी मी खूप वेळ गप्पा मारल्या. दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. लाल कोट मागे खुंटीला. स्टाफ नोटेशन येत नाही, सरगम थोडीफार येते, बाकी सगळा कानाचा कारभार. नवीन गाणं आलं की मोबाइलवर चार-पाच वेळा ऐकायचं आणि वाजवायचं.

मी विचारलं, काका, गाणं किती लांबवायचं हे कसं ठरवता?

'पब्लिक ठरवते ना ताई,' ते म्हणाले. 'नवरदेवाचा दोस्त नोट काढून हवेत फिरवते, तवा अंतरा सोडाचा नाई. त्यालेच घोळवत राहाचं. नोट आली का मग पुढं. अन् घोडं आडलं, तर? मग तर काईबी वाजवा लागते!'

आता सांगा, हे इम्प्रोव्हायझेशन नाही तर काय आहे? समोरचा माणूस बघून सूर लांबवायचा, थांबवायचा, वळवायचा. जॅझ क्लबमध्ये यालाच आपण डोळे मिटून दाद देतो. मग मी नागीण धूनचा विषय काढला. ती १९५४च्या 'नागिन'मधली. सिनेमात ती खऱ्या पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या बिजलीवर चालणाऱ्या की-बोर्डवर वाजवली होती. म्हणजे पुंगीची नक्कल मशिनने केली आणि मशिनची नक्कल वरातीतल्या क्लॅरनेटने. काका खूश झाले. म्हणाले, 'म्हंजे आमी वरिजिनलच्या जास्त जवळ हाओत म्हणा ना!' लाकडात फुंकर मारायची असेल तर हो, नक्कीच.

खंजिरीचा पाहुणा जपानमध्ये

'वर्ल्ड म्युझिक' हा शब्दच मुळात मार्केटिंगचा फंडा आहे, हे माहीत आहे का? १९८७च्या जूनमध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या रेकॉर्ड दुकानात नेमक्या कुठल्या कप्प्यात ठेवायच्या, हा त्यांचा प्रॉब्लेम होता. त्यावर निघालेलं हे लेबल. पुढे ते इतकं जुनाट वाटू लागलं, की २०२०मध्ये ग्रॅमीवाल्यांनीही आपल्या पुरस्काराचं नाव बदलून 'ग्लोबल म्युझिक' केलं. २०२४मध्ये तो पुरस्कार 'शक्ती' या ग्रुपला मिळाला. त्यात झाकीर हुसेन होते, शंकर महादेवन होते आणि सेल्वागणेश होते. सेल्वागणेश काय वाजवतात? कंजिरा. तळव्यावर मावेल अशी चामड्याची थाळी.

तिची वऱ्हाडी बहीण म्हणजे खंजिरी. इकडे बोलताना खंजेरीही म्हणतात. लाकडाचं कडं, एका बाजूला चामडं, कड्यातल्या खाचांत छोट्या झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्याने वाजवायची. ब्राझीलमध्ये हिचीच भावंडं पांदेरो म्हणून सांबात वाजतात, अरब देशांत रिक म्हणून. वऱ्हाडात मात्र खंजिरी म्हटलं की एकच नाव येतं, तुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९मध्ये जन्मलेले माणिक बंडोजी हे पुढे झाले राष्ट्रसंत तुकडोजी. हातात खंजिरी घेऊन गावंच्या गावं हलवणारा माणूस. १९३५मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२च्या आंदोलनात तुरुंगात गेले. १९५५मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही सोबत खंजिरी होती. आपण आज ज्याला 'इंटरनॅशनल टूर' म्हणतो, ती या माणसाने एका चामड्याच्या थाळीवर केली. तीही इन्स्टाग्रामशिवाय!

मोझरी अमरावतीपासून नागपूरच्या दिशेने साधारण ३५ किलोमीटरवर. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ला, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दर वर्षी तिथीनुसार, म्हणजे आश्विन वद्य पंचमीला, तिथे पुण्यतिथी महोत्सव भरतो. गावोगावच्या भजन मंडळ्या येतात. भगव्या टोप्या, हार्मोनियम, टाळ, खंजिऱ्या. एक जण पुढे गातो, बाकीचे मागून धरतात. सुरुवात निवांत असते. मग लय चढत जाते, चढत जाते आणि शेवटी एकेका मंडळीचा असा काही स्फोट होतो, की तुमचे पाय तुमचं ऐकत नाहीत. शेजारी बसलेल्या आजींनी मला न विचारता माझ्या हातात टाळ दिले. वाजवता येतात का, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

आणि मग येतो तो क्षण. ४ वाजून ५८ मिनिटं. सगळं थांबतं. खंजिरी नाही, टाळ नाही, घोषणा नाही. लाखभर माणसं मौन उभी. तोपर्यंत दिवसभर आवाजात भिजलेल्या कानांना पहिल्यांदा वारा ऐकू येतो, कुठलं तरी लहान मूल ऐकू येतं. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९५२मध्ये ४ मिनिटं ३३ सेकंदांची एक रचना केली होती, तिच्यात वादक काहीच वाजवत नाही. जगभरच्या म्युझिक कॉलेजांत ती शिकवतात. मोझरीच्या मैदानावर उभं राहिलं की ती न शिकताच कळते. फरक इतकाच, की केजची शांतता हा प्रयोग होता. इथली शांतता हा निरोप आहे, जो अर्धशतक उलटलं तरी लोक दर वर्षी नव्याने देतात.

प्रश्न माझा, उत्तर तुमचं

जॅझच्या पोटात एक गोष्ट कायम असते. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आफ्रिकन-अमेरिकन चर्चमध्ये धर्मोपदेशक बोलतो आणि समोरची माणसं वाक्यावाक्याला प्रतिसाद देतात. तिथून हे जॅझमध्ये आलं.

याचा वऱ्हाडी मास्टर म्हणजे गाडगेबाबा. १८७६मध्ये शेंडगावात जन्म. त्यांचं कीर्तन म्हणजे एकतर्फी प्रवचन कधीच नव्हतं. ते समोरच्या अडाणी शेतकऱ्याला प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, देवापुढे बकरं कापू नका. सगळं लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ त्यांचं निधन झालं. अमरावतीत गाडगेनगरला समाधी आहे. शहरातल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. हेडफोन लावून ऐका. वक्ता एक आहे, पण आवाज शेकडोंचे आहेत. ते शेकडो आवाज हेच त्याचं संगीत!

हा वारसा संपलेला नाही. अकोला जिल्ह्यातल्या अकोट भागातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवतात, म्हणून त्यांची ओळखच 'सप्तखंजेरीवादक' अशी. व्यसन, हुंडा, बुवाबाजी, सगळ्यांची ते वऱ्हाडी बोलीत बिनपाण्याने करतात. पब्लिक आधी हसून लोटपोट होतं आणि मग अचानक गप्प होतं, कारण विनोद आपल्यावरच होता, हे ध्यानात येतं. ड्रम सोलो आणि स्टँड-अप एकाच तिकिटात. सॉरी, तिकीट नसतंच!

खाऱ्या पट्ट्यातली गोड्या पाण्याची रात्र

आता अकोला. तुम्हाला ऑल-नाइट फेस्टिव्हलचं वेड असेल, तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदली रात्र बुक करून ठेवा.

अकोल्याचं ग्रामदैवत राजराजेश्वर. शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर गांधीग्रामला पूर्णा नदी आहे. रविवारी शहरातली मंडळं तिकडे निघतात, नदीचं पाणी भरतात आणि रात्रभर चालत सोमवारी ते शंकराला आणून घालतात. अकोल्यात सांगतात, की १९४४मध्ये पाऊस रुसला तेव्हा ही प्रथा सुरू झाली. आता यातला भूगोल लक्षात घ्या. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. इथल्या कित्येक गावांत जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणली तरी तोंडात घालवत नाही. अशा मुलखात नदीचं पाणी खांद्यावरून, अनवाणी पायांनी, रात्रभर वाहून आणणं हा नुसता इव्हेंट नाही. त्यामागे तहान आहे.

आता म्युझिकचा भाग. एकेका पालखीला बांबूंच्या चौकटीवर घागरी बांधलेल्या असतात. त्यांना 'भरणे' म्हणतात. मोठ्या मंडळांच्या पालख्यांत शेकडो भरणे. एवढं वजन पन्नास-शंभर खांद्यांवर घेऊन चालायचं तर सगळ्यांचं पाऊल एकाच वेळी पडायला हवं. नाहीतर पाणी हिंदकळणार आणि बांबू कुणाच्या तरी खांद्यात रुतणार. हे पाऊल जुळवतो ढोल! म्हणजे तो शोभेसाठी नसतो, तो तिथला इंजिनीअर असतो. चढ आला की लय सावकाश, सपाटी आली की जलद, दमले की 'हर्र बोला महादेव'चा गजर आणि पुन्हा सुरू. अमेरिकेतल्या गुलामांनी रेल्वेचे रूळ टाकताना, कापूस वेचताना जी श्रमगीतं म्हटली, त्यांतून ब्लूज घडला आणि ब्लूजमधून जॅझ. काळ्या मातीतला कापूस आणि खांद्यावरचं ओझं, दोन्ही वऱ्हाडला चांगलंच ठाऊक आहे.

पहाटे तीनच्या सुमाराला गर्दी पांगते, कॅमेरे झोपतात. तेव्हा खरी मजा येते. थकलेल्या ढोलवाल्यांची लय किंचित मागे रेलते, जड होते. जॅझवाले याला बीटच्या मागे वाजवणं म्हणतात आणि ते शिकायला वर्षं घालवतात. इथे ते अठरा किलोमीटर चालून येतं.

मेळघाटात जाल, पण जरा जपून

अमरावतीहून वर चिखलदऱ्याकडे गेलात की कोरकू गावं लागतात. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा. संथाली, मुंडारी तिच्या बहिणी आणि लांबची नाती थेट कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत. म्हणजे 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्द कुठे अगदी शब्दशः लागू होत असेल, तर तो इथे. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवसांत ढोल आणि बासरीवर बायका-पुरुषांच्या रांगा नाचतात आणि 'फगवा' मागतात.

पण बॉस, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा शो नाही. तुम्ही तिकीट काढलेलं नाही आणि त्यांनी तुम्हाला बोलावलेलं नाही. थेट नाचणाऱ्यांच्या मधे घुसून रील काढणारे महाभाग मी पाहिलेत. गावातल्या जाणत्या माणसाला आधी विचारा. 'या' म्हणाले तर बसा, 'नको' म्हणाले तर परत फिरा. फगवा मागितला तर हसत द्या. मैफलीत फोन सायलेंटवर टाकण्याचं मॅनर आपल्याला आहे ना? मग तेच इथेही पाळायचं. जंगलातही!

भिंत उभी राहतेय

इतकं सगळं छान छान लिहिलं. आता थोडं कडू.

क्लॅरनेटवाल्या काकांना मी शेवटी विचारलं, सीझन कसा गेला? ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आता बँड कोनाले पाह्यजे ताई? डीजे लावते. आमाले फक्त मंडपाच्या दारात धा मिनिटं वाजवा म्हणते. फोटोपुरतं.' पंधरा माणसांची पार्टी आता सात-आठ जणांवर आली आहे. उरलेले कुणी ऑटो चालवतात, कुणी वावरात जातात. मी विचारलं, तुमचा मुलगा शिकला का वाजवायला? ते हसले. 'पोरगा डीजे चालवते.' पुढे म्हणाले, 'रात्री दोघंबी एकाच लग्नातून घरी येतो. त्याले ऐकू येत नाई, अन् मले बोलाले दम राह्यत नाई. मंग काय, दोघं मुकाट्यानं जेवतो.'

या वाक्याने मी जरा हादरले. कारण त्यात व्हिलन कुणीच नाही. मुलाला जास्त पैसे मिळतात. आठ माणसांना पोसण्यापेक्षा एक जनरेटर परवडतो, हा लग्नघरचा हिशोबही चुकीचा नाही. पण त्या हिशोबात एक गोष्ट बसत नाही. डीजेच्या भिंतीला दिसत नाही. नवरदेवाचा मित्र नोट फिरवतोय, घोडा अडलाय, कोपऱ्यावर दवाखाना आहे, आजी कानावर हात ठेवून बसल्यात, यातलं तिला काहीच कळत नाही. माणूस वाजवत असतो तेव्हा हे सगळं त्याला दिसतं आणि म्हणून त्याचं वाजवणं बदलतं. 'लाइव्ह' या शब्दाचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे. वाजवणाऱ्याला तुम्ही दिसलात पाहिजे.

कायद्याचं म्हणाल तर २०००पासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण नियमाने भिंतीचा आवाज कमी होईल. क्लॅरनेट कसं परत येणार? ते नियमाने येत नाही, बुकिंगने येतं.

आणि इथे तुम्ही-आम्ही येतो. पुण्या-मुंबईत दोन तासांच्या जॅझसाठी आपण हजार-दोन हजार सहज मोजतो, कारण 'कलाकाराला सपोर्ट केला पाहिजे' हे आपलं ठाम मत. ते मत गावाच्या सीमेवर उतरवून ठेवायचं कारण काय? डेव्ह ब्रुबेक हा जॅझचा केवढा मोठा माणूस! १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने साध्या वादकांना नऊ मात्रांच्या आडव्यातिडव्या लयीत वाजवताना ऐकलं आणि त्यातून त्याची एक गाजलेली रचना उभी राहिली. तो हॉलमधून बाहेर पडला, रस्त्यावर थांबला आणि कान दिला. आपल्याला तर इस्तंबूललाही जायचं नाही. घरातल्या पुढच्या लग्नाच्या याद्या व्हायला बसतील तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचंय: वरात पूर्ण बँडवर काढू, दहा मिनिटं नाही, निदान एक तास. पूर्ण पार्टी, पूर्ण मजुरी.

घोडा अडला तर अडू दे. तेवढंच आणखी ऐकायला मिळेल!

चौकट: निघताय ना?

कसं जाल: मुंबई-नागपूर-हावडा मार्गावर अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्टेशनं आहेत. मुंबईहून अंबा एक्स्प्रेस थेट अमरावतीला नेते. बाकी गाड्यांनी बडनेऱ्याला उतरा, अमरावती तिथून अगदी जवळ. एप्रिल २०२५मध्ये बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वेळापत्रक मात्र बघूनच निघा.

रस्ता: अकोला ते अमरावती साधारण शंभर किलोमीटर. याच टप्प्यातला ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबरी थर जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. त्यामुळे दोन्ही शहरं एकाच ट्रिपमध्ये आरामात.

कधी जाल: अकोल्याच्या कावडीसाठी श्रावणातला शेवटचा रविवार-सोमवार. मोझरीसाठी कोजागिरीनंतरची पंचमी. मेळघाटासाठी होळी. लग्नांसाठी कधीही, मुहूर्त भरपूर!

काय खाल: अमरावतीचा गिला वडा आणि शेगाव स्टेशनची कचोरी. वांग्याची भाजी-रोडग्यांचं जेवण कुणी घरी बोलावून दिलं, तर रात्रीचा प्लॅन रद्द करा आणि जा.

काय न्याल: पाण्याची बाटली, चालायच्या चपला, सुट्टे पैसे. टाळ नेऊ नका. तिथे कुणीतरी देतंच.